पाय टेकतानाचा आवाज

३ फेब्रुवारी, मंगळवार

मी माझ्या हातांनी बनवलेल्या वस्तू —

बास्केटबॉलची रिंग. सोळा मिलिमीटरची सळई, आतून बरोबर पंचेचाळीस सेंटीमीटर. साच्याशिवाय वाकवली. जोड कुठे आहे ते आजही कुणी बोट फिरवून सांगून दाखवावं!

बोर्ड. एका बंद पडलेल्या दुकानाच्या पाटीचं प्लायवूड. घासून, रंगवून.

खांब, आणि त्याला फिरवायचा स्क्रू. पोरगी वाढेल तशी रिंग वर चढवता यावी म्हणून.

पत्र्याची घसरण, बॉल परत तिच्याच हातात यावा म्हणून.

कॅनव्हासचं जाकीट, कप्प्यांत नट-बोल्ट भरलेले. वजन घालून पळायला. शिवलंही मीच. त्यात आमच्या हिच्या शिलाई मशीनची सुई मोडली, आठवडाभर बोलत नव्हती.

आणि पोरीचा शॉट. पोरगी आम्ही दोघांनी मिळून, पण शॉट माझा एकट्याचा.

हे आज लिहायचं कारण म्हणजे क्लबने छापलेली ती गुळगुळीत पत्रिका. बुटकीच्या दोनशेव्या सामन्यानिमित्त. (सहा फूट एक इंच उंचीची पोरगी, आणि घरात अजून बुटकीच.) आत काय लिहिलंय? 'क्लबच्या शोधमोहिमेत पंधराव्या वर्षी सापडलेला हिरा.' सापडलेला! रस्त्यात पडला होता काय? सातव्या वर्षापासून ती माझ्या वर्कशॉपच्या मागच्या अंगणात बॉल टाकत होती. अकराव्या वर्षी शाळेच्या संघात, तेराव्या वर्षी तिच्याहून मोठ्या पोरींना रडवत होती. पंधराव्या वर्षी सगळ्या शहराला तिचं नाव ठाऊक झालं, तेव्हा हे 'शोधायला' आले. पुढे सतराव्या वर्षी करार. दोन वर्षं बाकावर बसवून दुसऱ्यांचे टॉवेल उचलायला लावले. एकविसाव्या वर्षी पहिल्या पाचांत, चोविसाव्या वर्षी कप्तान. या सगळ्यात वडिलांचा उल्लेख एकदाच. 'तिचे वडील ग्रिल बनवतात.'

बनवतो. सरळ बनवतो.

४ फेब्रुवारी, बुधवार

ही म्हणाली, "पत्रिका फाडली ती फाडली, तिचा फोटो तरी कापून ठेवायचा." फोटोत कोपर बाहेर आलंय. मी असं शिकवलेलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

डोकं फिरलंय.

सामन्याला गेलो होतो. नेहमीसारखा बोर्डाच्या मागे, अगदी खालच्या रांगेत. तिथे बसतो कारण मी सामना निम्मा कानांनी बघतो. तिला शिकवलं तेही तसंच. मी इकडे गेटला वेल्डिंग करणार, पाठ तिच्याकडे, आणि मागून आवाज ऐकून सांगणार, "डावीकडे पडला." "मनगट अर्धवट सोडलंस." आणि उडी मारून खाली आली की एकच आवाज यायला हवा. धप. दोन्ही पाय एकदम. दोन आवाज आले की पुन्हा मार उडी. ती वैतागायची, "बाबा, तुम्हाला पाठीला डोळे आहेत का?" पाठीला कान आहेत, म्हणायचो.

आज दोन आवाज. धप-टप. एकदा नाही, प्रत्येक वेळी! उजवा आधी, डावा मागून. वीस वर्षांचं काम या लोकांनी एका मोसमात नासवलं. नवा प्रशिक्षक आल्यापासून सगळं बदलतात — उभं राहणं बदला, पळणं बदला, आता खाली येणंही बदललं.

मध्यंतराला मला राहवलं नाही. रेलिंगला धरून ओरडलो, "तिचं उतरणं कुणी बिघडवलं? तुम्ही का?" प्रशिक्षकाने वर बघितलंसुद्धा नाही. सहायक म्हणाला, "काका, बसा ना. लोकांना दिसत नाहीये." मागून कुणीतरी हसलं. मी आणखी मोठ्याने बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, पण खोटं एक अक्षर नव्हतं.

बुटकीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग टॉवेल डोक्यावर घेऊन बसली.

८ फेब्रुवारी, रविवार

ती सकाळी आली. चहालाही हात लावला नाही.

"काल जे केलंत ना, त्यानंतर मला ड्रेसिंग रूममध्ये तोंड दाखवायची सोय उरली नाही."

मी म्हटलं, तुझं उतरणं बिघडलंय.

"मला माहितेय."

माहितेय! मग सुधार की! तर म्हणते, सुधारत नाही, आणि उपांत्य फेरीचे दोन्ही सामने मी खेळणार नाहीये. कप्तान! क्लब पहिल्यांदा इथवर पोचलाय आणि कप्तान म्हणते खेळणार नाही! का, तर "नाही म्हणजे नाही."

मी भित्री म्हणालो. वर हेही म्हणालो की त्या पत्रिकेतला हिरा काचेचा निघाला.

ती उठून गेली. ही माझ्याशी बोलत नाही. बरंच झालं, घर शांत आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शांत कसलं! दिवसभर ग्राइंडर चालवला. दोन कड्या चुकीच्या कापल्या. मी!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुपारी बुटकी बॅग घेऊन आली. क्लबच्या फ्लॅटवर राहवत नाही म्हणे, सारखी दारावर टकटक. तडक वरच्या खोलीत गेली.

थोड्या वेळाने पाणी प्यायला खाली आली. मी जिन्याखाली खिळे निवडत होतो. वर बघितलं नाही, पण ऐकलं. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. कठड्यावर हात घासत होता. ही पोरगी जन्मात कधी कठडा धरून उतरली नाही. तीन-तीन पायऱ्या उड्या मारत यायची, त्यावरून मार खाल्लाय तिने.

मी तसाच पाठमोरा म्हणालो, "शेवटच्या पायरीवरून खाली ये. दोन्ही पाय एकदम."

ती म्हणाली, "नाही येत, बाबा."

मग बसली पायरीवरच. गुडघ्यातली गादी फाटलीय. डाव्या. चार महिने झाले. प्रत्येक सामन्याआधी क्लबचा डॉक्टर सुई टोचतो, दोन तास काही कळत नाही, मग रात्रभर कळ. बाहेरच्या डॉक्टरने सांगितलंय की आत्ता ऑपरेशन केलं तर पुढच्या मोसमात पळेल. असंच आणखी रेटलं, तर पळणं सोडा, जिना चढतानाही आठवण राहील.

प्रशिक्षकाने काहीच बिघडवलं नव्हतं. ती पाय वाचवत होती. मी बरोबर ऐकलं, आणि भलत्याच माणसावर ओरडलो. तरी त्याचा राग जात नाही — त्याला सुईचं माहीत नव्हतं काय!

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? 'दुखतंय म्हणजे पाय जागेवर आहे, चल, पुन्हा मार उडी.'"

माझाच आवाज काढून म्हणाली. हुबेहूब. स्वयंपाकघरातून ही हसली, आणि मग भांडं आपटलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

संताप नुसता. डॉक्टरवर. सुईवर. क्लबच्या मॅनेजरवर. पोरीवरही, चार महिने माझ्यापुढे हसून जेवली म्हणून.

आणि सकाळी हे काय? मी गेटला रंग देत होतो, ती शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅनेजरचे रोज फोन येतायत. मी नाही म्हटलंय, पण मनातून नाही म्हणवत नाहीये. टीम आहे ती माझी. तुम्ही खेळ म्हणालात तर खेळते."

मला का विचारतेस! सव्वीस वर्षांची घोडी, कप्तान, दहा जणींना हुकूम सोडतेस — आणि हे मला विचारतेस?

ब्रश तसाच डब्यात टाकून निघून गेलो. रंग वाळला, ब्रश गेला.

१५ फेब्रुवारी, रविवार

मॅनेजर आला होता. घरी नाही, वर्कशॉपवर. ती तिथे नाही हे बघून आला असणार. पांढरे बूट, कुठे टेकवावेत कळेना. आला तेव्हा 'काका' होतो, बसला तेव्हा 'सर' झालो.

"सर, ती तुमच्याशिवाय कुणाचंच ऐकत नाही. आम्ही बघतो ना इतकी वर्षं! टाइम-आउटला प्रशिक्षक बोलत असतो आणि ही बोर्डामागे तुमच्याकडे बघते."

हे मला ठाऊक नव्हतं.

"दोनच सामने, सर. दोन सुया. मग आपण जगातला सगळ्यात चांगला सर्जन देऊ."

मी म्हटलं, सर्जन तिला आत्ता हवाय.

मग, ती खेळली तर म्हणून, त्याने मला एक गोष्ट देऊ केली. सगळं तयार होतं, कागद, शिक्का. वाचताना माझे कान तापले. आज लिहीत नाही, लिहिलं तर खरं वाटायला लागेल.

त्याला लगेच हाकलला नाही. उद्या सांगतो म्हणालो. तो गेल्यावर कितीतरी वेळ बंद मशीनसमोर बसून होतो. बसलो हे खरं आहे.

घरी हिने विचारलं, "काय म्हणत होता?" म्हटलं, गेटचं काम आहे. "पांढऱ्या बुटात?" म्हणाली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पोरीला सकाळीच सांगितलं, खेळायचं नाही, ऑपरेशनची तारीख घे. ती रडली. मी चिडलो.

मॅनेजरला फोन केला. त्याने दोनदा विचारलं, "सर, नीट वाचलंत ना?"

नीट वाचलं होतं. पहिल्या संघाचा शूटिंग प्रशिक्षक. पत्रिकेत नाव, बाकावर खुर्ची, तीन वर्षांचा करार. वर्षाला अठरा लाख.

नको म्हणालो.