पहिली फेरी नानांची

७ फेब्रु. २०२१, रवि.
सकाळपासून बर्फ. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गॅरेजच्या शटरपुढचा ढीग फावड्याने उपसला तेव्हा कुठे आत जाता आलं. गाडी ताडपत्रीखाली, जशी ठेवली तशी. चाकं आहेत, इंजिन आहे, दिवेही लागतात. फक्त नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी ते अजून सामानच.

तीन वर्षं हे घरी गाडी बांधायचं किट खोक्यांत पडून होतं. केतकी त्याला 'अजितचं रुखवत' म्हणायची, नुसतं बघायचं. गेल्या फेब्रुवारीत तिचे वडील तीन महिन्यांसाठी आले, मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि नाना अडकले. कापेल या डच गावातल्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये सासरे-जावई दिवसभर समोरासमोर. मी लॅपटॉपवर, ते सोफ्यावर. बोलायला विषय दोनच, हवा आणि आमची लेक इरा. शेवटी मीच म्हणालो, चला नाना, खोकी उघडू.

सप्टेंबरात नाना पुण्याला परत गेले. आज गॅरेजमध्ये थर्मासमधला चहा एकट्याने प्यायलो. बरं वाटलं नाही.

२८ फेब्रु., रवि.
ब्रेकच्या पाइपांची फेरतपासणी. प्रत्येक नटावर लाल ठिपका आहे. केतकीचं नेलपॉलिश. ही नानांची पद्धत. त्यांचं आयुष्य बँकेत गेलं. "एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, मगच सही." मी नट आवळायचा, ते पाना लावून बघणार, चष्मा कपाळावर सरकवणार, मग ठिपका. नट म्हणजे काय आणि बोल्ट म्हणजे काय हे त्यांना गेल्या एप्रिलपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. पण ठिपक्याशिवाय एक नट पुढे गेला नाही.

इतक्या लोकांच्या गाड्यांच्या कर्जावर सह्या केल्या, स्वतः मात्र संध्याकाळी स्कूटरवरून घरी. पुढे केतकी उभी, मागे सासूबाई, मध्ये तिचा भाऊ. गाडी कधी घेतलीच नाही. विचारलं तर म्हणाले, "राहून गेलं." एवढंच.

२१ मार्च, रवि.
तपासणीची तारीख आली, १६ जून. घरी बांधलेली गाडी म्हणून सगळंच तपासणार. ब्रेक, दिवे, आवाज, वजन, कडा.

केतकी म्हणाली, मागच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मार, मी बसते. म्हटलं, नाही. पहिली फेरी नानांची. "ते तिकडे, गाडी इकडे. किती दिवस रिकामी सीट घेऊन बसणारेस?" रागावली. तिचंही खरंच आहे.

पण शब्द दिलाय. गेल्या जूनमध्ये नुसता सांगाडा उभा होता. सीट नव्हती, तर नाना त्यात उपडा क्रेट ठेवून बसले. डोक्यावर इराची टोपी. स्टिअरिंग मी हातात धरलेलं, ते कशालाच जोडलेलं नव्हतं. म्हणाले, "अजितराव, घ्या डावीकडे." मी घेतलं. बराच वेळ दोघं तसेच बसलो. मग मी म्हणालो, नाना, रस्त्यावर आली की पहिली फेरी तुमची. त्यावर ते नेलपॉलिश शोधायला उठले. त्यांना असलं काही बोललेलं झेपत नाही.

लॉकडाऊनमध्ये लोक कशाकशाने हैराण झाले. माझे मात्र ते सर्वांत चांगले महिने होते. कुणाला सांगायची सोय नाही.

२६ एप्रिल, सोम.
भारतातून येणारी विमानं आजपासून बंद. नानांना कालपासून ताप. केतकीच्या भावाचा, मंदारचा, फोन. टेस्ट पॉझिटिव्ह.

३ मे
बेड मिळाला. ऑक्सिजन लावलाय. केतकी दिवसभर फोन हातात घेऊन. जाते म्हणते. गेली तर परत कधी येता येईल कुणी सांगत नाही, आणि तिथे आत सोडणारही नाहीत. मंदार म्हणाला, ताई, येऊन बाहेरच उभी राहशील.

गॅरेजकडे फिरकलो नाही. तपासणी रद्द करावी का.

११ मे
थोडं बरं. मंदारच्या फोनवरून नाना दोन वाक्यं बोलले. पहिलं केतकीला, "जेवलीस का?" दुसरं मला. "तारीख चुकवू नका."

३० मे, रवि.
नाना घरी आले. आवाज पार बसलाय. जिना चढवत नाही म्हणून खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या खोलीत. केतकी आज पोटभर जेवली, मग पोटभर रडली.

१६ जून, बुध.
गाडी भाड्याच्या ट्रेलरवर घालून नेली. तपासणीला एक बाई, माझ्याहून वीतभर उंच, मास्कवर डोळे हसरे. ब्रेक उत्तम. गाडीचा आवाज नियमात बसला. वजन बसलं. ठिपके बघून विचारलं, हे कुणी केलं? म्हटलं, स्खोनफादर, म्हणजे सासऱ्यांनी. मान डोलावली. "चांगली सवय आहे."

मग तिने डोक्याएवढा एक गोळा काढला आणि डॅशबोर्डवरून फिरवला. अपघात झाला तर माणसाचं डोकं जिथे आपटेल तिथे टणक, टोकदार काही नको. गोळा गणपतीच्या मुकुटाला अडला.

पितळेचा गणपती. नानांनी पुण्याहून आणलेला. मी दोन्हीकडून चिकटणारी टेप काढली होती, तर म्हणाले, "देव चिकटवत नाहीत अजितराव, बसवतात." दोन बोल्ट आरपार. गेल्या गणेश चतुर्थीला, जायच्या आधी पंधरवडाभर, गॅरेजमध्ये पाट मांडून रीतसर प्राणप्रतिष्ठा. गाडीतल्या गणपतीची अशी कुणी करत नाही. त्यांनी केली.

बाई म्हणाली, "फार सुंदर आहे. पण काढावा लागेल. आत्ता काढलात तर मी लगेच परत बघते. बाकी सगळं पास आहे."

पाना माझ्या खिशात होता. दोन बोल्ट. मी खाली वाकलो, पाना लावला, आणि फिरवेना. मी काही देवभोळा नाही. घरात दिवा केतकी लावते. पण बसवलेला देव न विचारता, बूट घालून, पान्याने उपटायचा? आणि बसवणारा तिकडे अंथरुणाला खिळलेला असताना?

म्हटलं, पुन्हा येईन. बाईने दोनदा विचारलं, नक्की? नक्की. गाडी नापास. पुढची तारीख ऑगस्टात.

रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या.

१७ जून
केतकीला वाटलं मी थट्टा करतोय. मग म्हणाली, "नानांना सांगू नकोस, जिवाला लावून घेतील." इरा मधेच डचमध्ये, "ते फक्त दोन बोल्ट आहेत, पापा." सगळ्यांचं बरोबर. माझंच काय ते चुकलं.

२० जून, रवि.
शेवटी सांगितलं. लपवलेलं मला पचत नाही. नानांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग खोकला येईपर्यंत हसले. "तिथेच काढायचा की हो! एवढे शिकलेले तुम्ही." म्हटलं, नाना, नियमात बसत नाही म्हणून देवाला काढायचं? तर म्हणाले, "मी जन्मभर लोकांची कर्जप्रकरणं एका कागदासाठी परत पाठवली. मी कुठल्या तोंडाने तक्रार करू? नियम तो नियम. पण तुम्ही थांबलात ते..." फोन मंदारकडे दिला.

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. आता आवाज कडक. "अक्षता आहेत का घरात? दही? आंघोळ करून गॅरेजमध्ये जा. उत्तरपूजा केल्याशिवाय हात लावायचा नाही."

केतकीने व्हिडिओ कॉल धरला. नाना उशीला टेकून, अंगात सदरा, खास घातलेला. मंत्र अर्धेच म्हणता येत होते, दम लागत होता. मधली वाक्यं केतकीने भरली, तिला पाठ आहेत हे मला आजच कळलं. अक्षता वाहिल्या. दहीसाखर ठेवली. "आता किंचित हलवा. उत्तरेकडे." बोल्ट सैल केले, हलवला. पुनरागमनाय च, नाना म्हणाले. देव घरी देव्हाऱ्यात नेले.

डॅशबोर्डवर दोन भोकं राहिली. त्यांवर रबरी टोप्या बसवल्या. तपासायला कुणी नव्हतं, तरी ठिपका दिला.

१८ ऑगस्ट, बुध.
पास. तीच बाई. टोप्यांवर बोट फिरवून म्हणाली, पाहुणे कुठे गेले? म्हटलं, घरी आहेत, सुखरूप. हसली. चासी नंबर ठोकला गेला तो आवाज अजून कानात आहे.

नानांना फोन. "अभिनंदन" म्हणाले, बँकेतल्यासारखं. मग हळूच, "विमानं सुरू झाली का हो?"

१२ सप्टें., रवि.
नोंदणीचं कार्ड आलं, प्लेट लागली. पिवळी. सामान आता गाडी झालं. केतकीने ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. इरा म्हणाली, चला ना फिरायला. मी ताडपत्री घातली. दोघी गेल्या घरात.

नानांना फोनवर गाडी दाखवायला गेलो तर त्यांनी डोळे मिटून घेतले. खरंच मिटले. "नको. गाडीत बसायचं असतं, अजितराव. बघायला काय, मी जन्मभर दुसऱ्यांच्या बघितल्या."

३ ऑक्टो., रवि.
पानगळ. नाना येईपर्यंत नोंदणी स्थगित ठेवायची सोय आहे म्हणे, तोपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही. अर्ज उघडला. केतकी मागे उभी. "वाट माणसाची बघ. गाडीला कशाला कोंडतोस?" मग बऱ्याच वेळाने, "अजित, ते नाही आले तर?" मी लॅपटॉप मिटला. अर्ज भरला नाही.

१० ऑक्टो., रवि.
सकाळी नानांचा फोन. काल डॉक्टरकडे गेले होते. एवढ्यात विमान नाही. फुप्फुसं अजून भरून आलेली नाहीत. संक्रांतीनंतर पुन्हा बघू, म्हणाले डॉक्टर. बघू, म्हणजे काय ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

"आज ऊन आहे का तिकडे?"
"आहे."
"मग फिरवून आणा. उभी गाडी खराब होते."
"नाना, पहिली फेरी..."
"माझी आहे ना? मग मी ती तुम्हाला दिली. जा."

गेलो. एकटाच. नदीकाठच्या बांधावरून, वारा तोंडावर घेत, एकीकडे आयसेल, दुसरीकडे खाली मेंढ्या. गाडी सुरेख चालते. एकदा सवयीने डावीकडे घेताना बाजूच्या सीटकडे बघितलं. मग पुढचा रस्ता नीट दिसेना म्हणून थांबलो. रडलो, सरळ सांगायचं तर.

परत आल्यावर गॅरेजसमोरूनच फोन केला. स्पीकरवर, हात काळे होते म्हणून.

"किती पळवली?"
"साठ."
"पन्नास पुरे. ब्रेक?"
"लागतात."
"लागणारच. तपासलेत मी." मग श्वास घेतला, तो ऐकू आला. "बरं. पहिली झाली. दुसरी मात्र माझ्यासाठी ठेवा."

ठेवतो म्हणालो.

फोन ठेवून वळलो तर केतकी मागे उभी. थंडीचं जॅकेट घातलेलं, केस बांधलेले, गळ्यात मफलर. फिरायला निघायच्या तयारीत आली होती. सगळं ऐकलं होतं तिने. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि मफलर सोडत म्हणाली, "चल, चहा टाकते."