भिकुबाईंचा मंगळवार

प्रिय दिपमाला,

सतरा दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. देवपूर काही परदेशात नाही, धरणगावहून निघालं की दोन तासांत तुझं दार. पण नणंद रुसली की तेच दार लांब होतं. चिडू नकोस, चूक माझीही आहे. तू विचारलंस, 'आईला उपाशी मारता का?' आणि मी तडकून म्हणाले, 'एवढी काळजी असेल तर येऊन भरव.' तो नुसता टोमणा होता गं. तू मात्र तेव्हापासून घराकडे फिरकली नाहीस.

जळगावच्या डॉक्टरांनी आता इलाज नाही म्हटल्यावर आम्ही घरी येऊन दुखणं सांभाळणाऱ्या ज्या संस्थेत आईचं नाव घातलं, तिथल्या नर्स भिकुबाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मुंबईला न्यायचं सोडून ही कोण बाई घरात आणली, असं तुला वाटलं. खरं सांगू, मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना फोनवर बजावलं, तुमची कॅन्सरच्या बोर्डाची गाडी गल्लीत आणू नका, लोक नको ते विचारतात. बाई रागावल्या नाहीत. गाडी बसस्टँडवर ठेवून, कापडी पिशवी खांद्याला लावून उन्हात चालत आल्या. चार आठवडे तशाच येताहेत. गल्लीतल्या बायकांना वाटतं, माझ्या माहेरची कुणी मावशी आहे. आता मीच लाजून म्हटलं, आणा हो गाडी. तर म्हणाल्या, चालण्याची सवय झाली.

तुला आठवतं ना, आईला पाठ टेकता येत नव्हती. भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या पेंगायची. भिकुबाईंनी आम्हाला मॉर्फिनच्या गोळ्या घड्याळ लावून द्यायला शिकवलं. दुखायची वाट बघायची नाही, म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आई आडवी झाली आणि चक्क घोरायला लागली. मी दारात उभी राहून ते घोरणं ऐकलं आणि रडले. आणि तुझे दादा! ज्या माणसाने जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही, तो आता आईची कूस बदलतो, तिचे केस धुतो. हेही त्या बाईंनीच शिकवलं. मला तर आल्या आल्या विचारतात, पुनम, तू जेवलीस का? लग्नाला एकवीस वर्षं झाली, असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

आता जेवणाचं. मी आईला रोज मुगाची खिचडी भरवायचे. 'हा घास माझा, हा दिपमालाचा' असं म्हणत वाटी संपवायचे आणि स्वतःवर खूश व्हायचे. एका शुक्रवारी चादर बदलताना भिकुबाईंना उशीखाली रुमाल सापडला. त्यात सगळी खिचडी गुंडाळलेली. माझं मन मोडू नये म्हणून आई घास गालात धरून ठेवायची आणि माझी पाठ वळली की रुमालात टाकायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिकुबाईंनी आधी तो रुमाल धुवून वाळत घातला, मग मला म्हणाल्या, "तिले आते भूक नही शे, पोरी. तू नुसती जोडे बस." आजारामुळे भूक गेलीय, न खाण्यामुळे ती जात नाहीये, आता घास तिला त्रासच देतो, हे त्यांनी मला तीनदा समजावलं. आता मी कापसाने तिचे ओठ ओले करते आणि जवळ बसते. आईला कुणी उपाशी ठेवलेलं नाही, दिपमाला. तुझी शपथ.

परवा मंगळवारी आईने त्यांना सरळ विचारलं, मी यातून उठेन का? आम्ही दोन महिने 'पोटाला सूज आहे' म्हणत वेळ मारून नेत होतो. भिकुबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि नाही म्हणाल्या. दुखू मात्र देणार नाही, म्हणाल्या. मला वाटलं, आई कोसळेल. ती उलट निवांत झाली. मग त्यांनी विचारलं, अक्का, मनात काय राहिलंय? आई म्हणाली, आखाजीला पोर माहेरी येते, तिच्या हातात बांगड्या भरायच्यात. "पन आखाजी मना हातमा नही शे." अक्षय्य तृतीयेला अजून सव्वा महिना आहे आणि डॉक्टर आठ-दहा दिवस म्हणतात. भिकुबाई म्हणाल्या, मग येत्या रविवारी करा की, कोण अडवतंय? जाता जाता कासाराला निरोपसुद्धा देऊन गेल्या.

तर रविवारी आपल्याकडे आखाजी आहे. आंबे नाहीत, कैरीचं पन्हं चालवून घे. सांजोऱ्या मी करतेय. आईच्या खिडकीतून दिसेल असा झोका समोरच्या कडुनिंबाला बांधलाय. पण आखाजीला लेक आपली आपण येत नाही, तिला न्यायला मुराळी जातो, आणि मुराळ्याला कुणी एकटं परत पाठवत नाही. म्हणून हे पत्र पोस्टात टाकलं नाही, तुझ्या दादांच्याच हाती दिलंय. ते तुझ्या उंबऱ्याबाहेर उभे असतील. बोलायला गेले तर रडतील, म्हणून सगळं मीच लिहिलं. त्यांना आत घे, पाणी दे आणि दोन साड्या पिशवीत घाल. दादा तुला आणायला निघणार, हे आईला काल सांगितलं. तेव्हापासून तिने आम्हाला कूस बदलू दिलेली नाही, तोंड दाराकडे करून पडलीय.

वाट बघणारी, तुझीच,
पुनमवहिनी