साडूची गाडी आणि माझं सेटअप

१ फेब्रुवारी, रविवार
रिमोटच्या गाड्यांच्या क्लबात शर्यत. आठ गाड्यांत सातवा. आठव्याची बॅटरी पहिल्याच फेरीत निसटून पडली होती. साडू पहिला.
दोष गाडीचा. वळणावर तिचं नाक बाहेर पळतं. मी रिमोट फिरवतो उजवीकडे, ती जाते सरळ कडेच्या फळीवर. यात चालवणाऱ्याचा काय संबंध?
साडू दातांचा डॉक्टर आहे. बक्षीस घेताना असा हसला, जसा दाढ उपटण्याआधी हसत असेल. मेव्हणीने टाळ्या वाजवल्या. हिनेही वाजवल्या. स्वतःच्या नवऱ्याच्या अंगावर खडी उडवून गेलेल्या माणसासाठी.
संकल्प: उद्यापासून शास्त्र. साडूशी एक शब्दही बोलायचा नाही.

२ फेब्रुवारी
सेटअपसाठी, म्हणजे चाकं-स्प्रिंगा जुळवायला, पृष्ठभाग काटेकोर सपाट लागतो. जेवणाचं टेबल सासऱ्यांनी दिलेलं, म्हणजे वाकडंच. कपाटाच्या दाराचा आरसा काढला, टेबलावर आडवा ठेवला, त्यावर गाडी.
हिने विचारलं, केस कशात बघून विंचरू. मी म्हटलं, बाथरूममध्ये आहे की आरसा. मग ही माझ्या तोंडाबद्दल काही बोलली. विषयाशी संबंध नसल्याने नोंद नाही.
जेवण मांडीवर ताट घेऊन.

५ फेब्रुवारी
ऑफिसला पोट बिघडल्याचं कळवलं. साहेबांनी विचारलं, पुन्हा? या माणसाला माणुसकी नाही.
मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये घट्ट तेल भरलं, मागच्या स्प्रिंगा कडक केल्या. आता मागची पकड कमी, म्हणजे पुढची चाकं चावणार. कॅम्बर वाढवला, पुढची चाकं वरून किंचित आत कलली. गाडी दाबून सोडली की सावकाश, रुबाबात वर येते. दिवसभर दाबून सोडत होतो.
ही म्हणाली, एवढा वेळ कधी माझे पाय दाबले असतेस तर. दुर्लक्ष.

८ फेब्रुवारी, रविवार
सराव. गाडी आता वळते. इतकी वळते की बाहेरच्या फळीऐवजी आतल्या फळीवर आदळते. ही प्रगती आहे.
साडू स्वतःहून जवळ आला. म्हणाला, वळणाच्या जरा आधी वेग कमी करून बघ. मी विचारलेलं नव्हतं. फुकट सल्ले द्यायचे असतील तर दवाखान्यात द्यावेत. तिथे लोक तोंड उघडं ठेवून ऐकतात, उत्तर देऊ शकत नाहीत.
बोललो मात्र काहीच नाही. संकल्प पाळला.

१२ फेब्रुवारी
हिचा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. डावी-उजवी बाजू समान केली. गाडी आणखी खाली बसवली. जितकी जमिनीलगत, तितकी स्थिर. हे साडूला कुठून सुचणार?
रविवारी त्याची जिरवणार.

१५ फेब्रुवारी, रविवार
शांतपणे लिहितो.
सुरुवातीला मी चक्क तिसरा होतो. मग फळी. मग पुन्हा तीच फळी. साडू पहिला.
आता एकच माणूस दर वेळी पहिला येतो तेव्हा सभ्य समाजाने प्रश्न विचारले पाहिजेत. मी विचारले. क्लबच्या सेक्रेटरीला सांगितलं, याची मोटर नियमात नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, कारण पारदर्शकता हवी. लबाड हा शब्दही वापरला.
साडूने गाडी उघडून टेबलावर ठेवली. मोटर नियमात निघाली.
मग सेक्रेटरी म्हणाला, तक्रार करणाऱ्याचीही गाडी तपासायची असते. माझी नियमापेक्षा खाली निघाली. बाद. मी म्हटलं, तुमचं टेबल उंचसखल आहे. तो म्हणाला, गाडी टेबलावर नाही, काचेवर आहे.
क्लबात राजकारण शिरलंय.

१६ फेब्रुवारी
मेव्हणीचा फोन. ही गॅलरीत जाऊन बोलली. आत आली ती डोळे पुसत. पुढच्या आठवड्यात दोघी बहिणी मिळून दोन दिवस बाहेर जाणार होत्या. रद्द. मेव्हणी म्हणाली म्हणे, ज्या घरात माझ्या नवऱ्याला लबाड म्हणतात तिथल्या माणसांबरोबर मला फिरायचं नाही.
ही म्हणाली, तुझ्या खेळण्यापायी माझी बहीण तुटली. खेळणं नव्हे, टूरिंग कार. दुरुस्त करणार होतो, पण हिचा चेहरा बघून थांबलो.

१९ फेब्रुवारी
हिचं एकच पालुपद: फोन कर, माफी माग.
फोन केला नाही, मेसेज केला. लिहिलं, हिंमत असेल तर रविवारी गाड्या बदलू. तू माझी चालव, मी तुझी. दूध का दूध होऊन जाऊ दे. साडूने नुसता अंगठा पाठवला.
हिला सांगितलं, संवाद सुरू झालाय.

२२ फेब्रुवारी, रविवार
गाडी नियमाइतकी उंच केली, बाकी काही बदललं नाही. सगळा क्लब कठड्याला टेकून उभा.
साडूने पहिली फेरी हळू घेतली. नंतर माझी गाडी अशी धावली की मी स्वतः ओळखली नाही. प्रत्येक वळणात रुळावर असल्यासारखी. या मैदानावर इतक्या वेगाची फेरी आजवर कुणी मारली नव्हती, असं सेक्रेटरी म्हणाला.
मी साडूची गाडी पहिल्या वळणावर फळीला लावली, तिसऱ्यावर उलटवली. पुढचा अ‍ॅक्सल तुटला.
कुणी हसलं नाही. हसले असते तर भांडता आलं असतं.
साडूने माझी गाडी माझ्या हातात ठेवली. म्हणाला, फार सुंदर लावली आहेस, मला असं जमत नाही. एकदा दुसऱ्याच्या हातात देऊन बघ. आवाजात टोमणा शोधला. सापडला नाही.
घरी येऊन शास्त्रशुद्ध निष्कर्ष मांडायला बसलो. गाडी उत्तम आहे. त्याच गाडीत मी मागे पडतो. म्हणून
उशीर झालाय. झोपतो.

२४ फेब्रुवारी
साडूचा अ‍ॅक्सल बदलला. हात लागलाच होता म्हणून स्प्रिंगाही नीट केल्या; फारच गचाळ होत्या.
संध्याकाळी त्याच्या घरी नेऊन दिली. मेव्हणीने दार उघडलं, या म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, मोटर नियमात होती, मी म्हटलं ते चूक होतं. ही माफी नव्हे. तांत्रिक दुरुस्ती आहे. मेव्हणीने चहा घेणार का विचारलं.
घेतला.
रविवारच्या शर्यतीसाठी माझी गाडी साडूला दिली. चाचणी म्हणून.

१ मार्च, रविवार
गाडी साडूच्या हातात, त्यामुळे मी मोकळा. सेक्रेटरीने नारिंगी जाकीट दिलं आणि सर्वांत वाकड्या वळणावर उभं केलं. काम एकच: उलटलेली गाडी उचलून सरळ ठेवायची.
जवळजवळ सगळ्यांच्या उलटल्या. माझी एकदाही नाही. दर फेरीला माझ्या पायाजवळून सूं करून गेली, मला हात लावायची वेळ न आणता. साडू पहिला. मी नकळत टाळ्या वाजवल्या. जाकीट घट्ट असल्याने फार वाजल्या नाहीत.
ही आणि मेव्हणी मागच्या पायऱ्यांवर, एकाच छत्रीखाली. दोघींचं दोन दिवसांचं पुन्हा ठरलंय. शेजारच्या एका बाईंनी हिला विचारलं, तुमचे मिस्टरही चालवतात का. ही म्हणाली, नाही, ते गाड्या उभ्या करतात.
यात दुरुस्ती सुचवणार होतो. तेवढ्यात वळणावर एक उलटली.