तुमची तब्येत आणि जावईबापूंची दुरुस्ती

सन्माननीय व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार.

पत्राला दीड महिना उशीर झाला, माफी असावी. आधी तुमची तब्येत कशी आहे ते कळवा. गुडघा, खोकला, भूक, सगळं सविस्तर. (या खेपेला नुसती रीत म्हणून विचारत नाही.)

आमच्या वाचनालयाची सभासदांची वही जाऊन यादी संगणकावर आली, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती यादी उघडून दुरुस्त करायचा प्रोग्रॅम तुमच्या चिरंजीवांचा, म्हणजे आमच्या जावईबापूंचा, म्हणून मी तोंड मिटून होतो. एकदाच अक्षरं बारीक दिसतात म्हटलं, तर त्यांनी ती मोठी केली आणि तारखा गायब झाल्या. तारखा परत आणल्या, तर सगळ्या सभासदांचा वाढदिवस एकाच दिवशी. (चिटणीसांनी अभिनंदनाची पत्रंही धाडली.) तेव्हापासून दुरुस्ती म्हटलं की मी दुरूनच हात जोडतो.

आता मुख्य गोष्ट. नावावर टिचकी मारली की त्यावर निळा पट्टा येतो, मग ‘काढून टाका’चं बटण. निवर्तलेल्यांची नावं मी अशी काढतो. त्या दिवशी पोस्टमास्तरांच्या नावावर पट्टा आणला आणि खात्री करावी म्हणून यादी आडनावांप्रमाणे लावली. नावं हलली, पट्टा होता तिथेच राहिला. त्यात दुसरंच कोणी येऊन बसलं. मी चष्मा पुसत बटण दाबलं. चिटणीसांनी लगेच फलकावर शोकसभा लावली. ते गृहस्थ हयात आहेत, असं मी सांगितलं. चिटणीस म्हणाले, “यादीत दिसत नाहीत.” चूक प्रोग्रॅमची असेल तर तसं लेखी आणा, नाहीतर किल्ल्या टेबलावर ठेवा, असं वर बजावलं. एकोणतीस वर्षं त्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत, व्याहीबुवा. जावईबापूंकडून दोन ओळींची कबुली मिळवून द्या. बापाचा शब्द ते मोडणार नाहीत.

आपला,
व्याही

ता. क. काढलं गेलेलं नाव तुमचं आहे. (लग्नात मी भेट दिलेलं आजीव सभासदत्व.) शोकसभा येत्या रविवारी. मुख्य भाषण माझं.

ता. क. २. जावईबापू म्हणतात, हा दोष त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच काढला. रोज सकाळी ‘नवी आवृत्ती घ्या’ अशी चौकट येते खरी, मी ‘नंतर’ दाबतो. तेव्हा कबुलीवर तारीख नसावी. आणि तुम्ही हयात असल्याचं स्वतःच्या अक्षरात ताबडतोब लिहून धाडा. रविवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर मला बोलावं लागेल, आणि भाषण पाठ झालेलं आहे.