लांब रोटीचा हात

११ फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट मोडलं! अक्षर कोंबडीच्या पायाचं. असू दे, वाचणार कोण?
काटोलला, मयुराच्या लग्नात. नत्थूदादाने स्टेजवरून वाकून माझा हात धरला, वर ओढलं. "ये वं भावना, आत्याशिवाय फोटो कसा?" केवढी मिरवले मी! तेवढ्यात स्टेजच्या फळ्या कडाडल्या. पडले सगळेच, पण फळी आदळली ती माझ्याच मनगटावर.

१४ फेब्रुवारी
प्लास्टरच्या आत खाज. विणायच्या सुईने खाजवतेय. झोप नाही. लग्नसराईच्या सगळ्या ऑर्डरी परत केल्या. लांब रोटी काय एका हाताने होते? सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत, ताणत मडक्यावर टाकायची. डॉक्टर म्हणतात, मनगट पहिल्यासारखं वळेल असं नाही.
मग मी करू काय?

१५ फेब्रुवारी
दादा माझ्यापेक्षा भडकलाय. "त्या मंडपवाल्या चंद्रभानले सोडू नको! नुकसानभरपाई माग, केस ठोक!" वकीलही त्यानेच गाठून दिली — वेदिकाताई. भाऊ असावा तर असा.

२२ फेब्रुवारी
चंद्रभान दारात उभा! "बाई, मी तर सांगून राहिलो होतो —" तोंडावर दार लावलं. चोराच्या उलट्या बोंबा!

३ मार्च
वेदिकाताईंना पुरावा हवा. लग्नाचा व्हिडिओ मिळेल का म्हणाल्या. दादाला फोन केला. "व्हिडिओ काहून पाहिजे तुले? माह्या लेकीचं लग्न कोर्टात दाखवतं का वं?" आणि ठेवूनच दिला! तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

९ मार्च
दादा फोन उचलत नाही.

१६ मार्च
मयुरा आली, एकटीच. "मले झोप नाही लागत, आत्या. तूच पाहून घे." मोबाइल पुढे धरला.
मी अजून पंगतीत होते तेव्हाचं दिसलं. चंद्रभान हात जोडून दादापुढे — "साहेब, लोकं उतरवा, फळ्या तुटतीन!" दादा हसतोय. "काही नाही होत गा, हो बाजूले!" नवीन पाहुण्यांना वर बोलावतोय. मग मी येते. दादा वाकतो, माझा हात धरतो.
बंद कर म्हटलं. पोर रडत होती. मला रडूही येईना, नुसता संताप!

१७ मार्च
वेदिकाताईंना फोन केला. नोटिशीतून चंद्रभानचं नाव काढा म्हटलं. "मग कोणाचं टाकू?"
नाव सांगितलं. पत्ता सांगितला — माझ्या माहेरचा.