आधीच कोरलेली नावे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा चषकांवर व सन्मानचिन्हांवर नावे कोरणे, आज पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून आणि पोटभर जेवून हे मृत्युपत्र लिहीत आहे. मजवर कोणाचे दडपण नाही. बायको पलीकडच्या खोलीत आहे, पण तिने अजून डोकावलेले नाही. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती, ती दोन्ही रद्द समजावीत. पहिले घाईत केले होते, दुसरे रागात.

कलम पहिले. राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. माझ्या पश्चात ते बायकोचे राहील. ती हयात असेतो ‘एकटीला एवढ्या खोल्या कशाला’ असे तिला कोणीही विचारू नये. तिच्यानंतर घर मुलीचे. मागच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही. ती मी गेली चौतीस वर्षे उद्या दुरुस्त करणार आहे, तर ती जबाबदारीही घराबरोबर मुलीकडे जाईल.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते बायकोचे. फार नाही, आणि ते तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

कलम तिसरे. सात कोरण्या, भिंग, पट्टी पकडायचा शिकंजा आणि धारेचा दगड मुलीला द्यावा. ती शाळेत भूमिती शिकवते, पण हात माझा घेतला आहे. बारा वर्षांची असताना तिने पितळी पट्टीवर सरळ रेघ ओढून दाखवली होती, ती पट्टी वरच्या खणात आहे. कोरण्या कोणाला उसन्या देऊ नयेत. जावई चांगला माणूस आहे, परंतु तो कोरणीने डबा उघडेल.

कलम चौथे. दूरदर्शन संच बायकोचा. याबाबत थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

दूरचित्रवाणीवर दरवर्षी मालिकांच्या पुरस्कारांचा सोहळा होतो. त्या सन्मानचिन्हांवरच्या पट्ट्या सत्तावीस वर्षे मी कोरल्या. विजेत्यांची यादी बंद पाकिटातून आठ दिवस आधी माझ्याकडे येई, आणि ‘वाच्यता करणार नाही’ अशा कागदावर माझी सही घेतली जाई. म्हणजे सगळा देश श्वास रोखून बसे तेव्हा निकाल ठाऊक असलेली जी चार माणसे होती, त्यांतला एक मी, घरी सोफ्यावर. मी कधी ताकास तूर लागू दिली नाही. गल्लीत मला ‘कुलूप’ म्हणत, आणि मला त्याचा अभिमान वाटे.

घरच्यांना मात्र पडद्यापेक्षा माझ्याकडेच बघायची खोड. मुलगी कागदावर अंदाज लिही आणि प्रत्येक नावाला माझ्या तोंडाकडे पाही. बायकोचे शास्त्र वेगळे होते. ती म्हणे, “हे पाणी प्यायला उठले की समजायचं, चांगला माणूस हरणार.” मी हसण्यावारी नेत असे. खरे सांगायचे तर तिचे एकदाही चुकले नाही. पुरस्कार घेणाऱ्यांचे कपडे बाकीचे बघत, मी पट्टी सरळ बसली आहे का ते बघे. एका नटीने चिन्ह उलटे धरून दहा मिनिटे आभार मानले, तेव्हा मी संचाशी भांडलो होतो.

कलम पाचवे. शेजारच्या पैजवाल्याने माझी शिडी नेली आहे ती त्याच्याकडेच राहू द्यावी. हा माणूस निकालांवर पैजा लावी आणि सोहळ्याच्या आदल्या दिवशी येऊन म्हणायचा, “बोलू नकोस रे, नुसतं नाक खाजव. उजवीकडून खाजवलंस तर नायिका, डावीकडून तर खलनायिका.” मी दोन-दोन दिवस नाकाला हात लावत नसे. शिडी माझी होती एवढे त्याने चारचौघांत एकदा कबूल करावे, म्हणजे माझी तक्रार नाही.

कलम सहावे. माझ्या धाकट्या भावाला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही.

हे वाचून बायको कपाळाला हात लावील. तिने पुढचे वाचावे.

धाकटा रंगभूषाकार आहे. मालिकांतल्या राजांना, साधूंना आणि दरोडेखोरांना दाढ्या लावण्यात त्याची हयात गेली, म्हणून लोक त्याला दाढीवाला म्हणतात. स्वतः तुळतुळीत असतो. नऊ वर्षांपूर्वी उत्कृष्ट रंगभूषेच्या पाच नामांकनांत त्याचे नाव आले. तो वर्ष-दीड वर्ष एका तरुण नटाला रोज थोडा थोडा म्हातारा करत होता, आणि ते काम इतके बेमालूम होते की त्या नटाला रस्त्यात लोक बसायला जागा देत.

मी यादी मोजपट्टीने झाकून एकेक ओळ उघडत कोरत असे. रंगभूषेच्या ओळीचे पहिले अक्षर दिसले आणि माझ्या काळजाने उडी मारली. मग मोजपट्टी पुढे सरकवली. अक्षर तेच, नाव दुसऱ्याचे. ज्या गृहस्थाने वर्षभर एका खलनायिकेच्या गालावर तीळ काढला होता, त्याचे. तो तीळ सोमवारी उजव्या गालावर असे आणि मंगळवारी डाव्या. ते नाव मी माझ्या हाताने कोरले, आणि चांगले कोरले. कामावर राग काढायचा नसतो.

नंतर मी मिठाची गुळणी धरून बसलो. धाकट्याने कोट शिवला, नातेवाइकांना फोन केले, मी गप्प. मंगळवारी तो भाषण घेऊन माझ्याकडे आला.

“दादा, ऐक ना जरा. कसं झालंय सांग.”

भाषण खरोखर चांगले होते. फक्त त्यात निर्मात्याचे आभार आधी होते आणि आईचे शेवटी. चुकलेले अक्षर दिसले की माझे हात शिवशिवतात. मी पेन्सिल घेतली आणि म्हणालो, “आई आधी घे. बाकीचे नंतर.” त्याने मान डोलावली. मग मी त्याच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतले. दुसऱ्याचे नाव कोरलेली पट्टी तेव्हा दोन हातांवर, टेबलाच्या खणात होती.

सोहळ्याच्या संध्याकाळी तो तिथे सभागृहात होता आणि आम्ही सगळे इथे. पडद्यावर पाच चौकटींत पाच चेहरे आले. मी पाणी प्यायला उठलो. बायकोने माझ्याकडे पाहिले आणि तिचा चेहरा पडला. निवेदिकेने पहिले अक्षर उच्चारले आणि ती उगाच थांबली. त्यांना तशी सवयच असते. तेवढ्यात धाकटा खुर्चीतून अर्धा उठला. कोटाचे बटण लावत उठला. ते अख्ख्या देशाने पाहिले. मग पुढचे नाव आले, तो तसाच खाली बसला आणि टाळ्या वाजवू लागला. इथे मुलीने अंदाजांचा कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा राहिला, आत आला नाही.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“मंगळवारीसुद्धा?”

“मंगळवारीसुद्धा.”

तो गेला. सख्खा भाऊ पक्का वैरी म्हणतात, पण आमच्यात वैर झाले नाही, अबोला झाला, आणि त्याला नऊ वर्षे झाली. त्या वर्षानंतर मी ते काम सोडले. दुसऱ्या मृत्युपत्रात मी त्याच्यासाठी पुष्कळ काही ठेवले होते, मुख्यत्वे मी मेल्यावर त्याला लाजवावे म्हणून. ते लहान मनाचे काम होते.

आता जे लिहितो ते नीट वाचले जावे. मी गप्प बसलो त्याची माफी मागत नाही. शब्द दिला होता, पुन्हा वेळ आली तर पुन्हा गप्प बसेन. परंतु जे भाषण होणार नाही हे मला ठाऊक होते, ते मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले आणि वर सुधारले. ते मी करायला नको होते. त्याची माफी मागतो. मला त्याची आठवण येते. रोज येते.

कलम सातवे. वकिलीणबाई सांगतात की मृत्युपत्राच्या साक्षीदाराने त्यातून काही घेऊ नये. म्हणून धाकट्याला काही दिलेले नाही. मला तो वारस म्हणून नको, साक्षीदार म्हणून हवा आहे. वारस मी गेल्यावर येतो. साक्षीदाराला मी जिवंत असताना, याच खोलीत, माझ्यासमोर बसून सही करावी लागते. साक्षीदाराने मजकूर वाचावा अशी सक्ती नाही, पण त्याने वाचावा अशी माझी इच्छा आहे. रविवारी चारचा निरोप मुलीबरोबर धाडला आहे. तो न आल्यास पैजवाल्याला बोलवावे. तो आनंदाने सही करील आणि सोमवारपर्यंत सगळ्या गल्लीला हे पाठ होईल, पण नाइलाज आहे.

येणेप्रमाणे माझे म्हणणे संपले. सही दोन्ही साक्षीदारांदेखत करीत आहे.

ठिकाण: राहते घर, मागची खोली.
दिनांक: सोळा, रविवार. वेळ दुपारी पावणेपाच, कारण एका साक्षीदाराला उशीर झाला.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार एक: (सही) कुटुंबाच्या डॉक्टरीणबाई. मी यांना तपासले. मन शाबूत आहे. रक्तदाब थोडा वाढलेला, पण तो पावणेपाचनंतर उतरला.

साक्षीदार दोन: (सही) धाकटा भाऊ. दादाने सही माझ्यासमोर केली. सगळे वाचले. भाषणातली दुरुस्ती बरोबर होती. आईच आधी यायला हवी होती. मला ते म्हणायला मिळाले नाही, एवढेच.