दुर्बिणीसाठी चहा सोडला

३ फेब्रुवारी
आजपासून चहा बंद. ह्यांची क्ष-किरणांची दुर्बीण पंधरवड्यात आकाशात जायची आहे. तिला पहिला तारा दिसेपर्यंत घोटही घेणार नाही, असं देवळात बोलून आले. हे म्हणाले, अगं, दुर्बिणीला तुझ्या चहाचं काय? इंजिनिअर माणसं. त्यांना या गोष्टींतलं कळत नाही.

५ फेब्रुवारी
भाजलेल्या जवाचं पाणी चहात धरत नाहीत. शेजारच्या मिझोगुचीबाईंकडे एक कप घेतला, पण तो शिष्टाचार. दिलेलं नाकारणं जास्त वाईट.

८ फेब्रुवारी, रविवार
ह्यांनी कागद घरी आणले. जोडीदार हिरायामा तापाने पडलाय आणि आकडे उद्या सकाळी द्यायचेत. वर गेल्यावर दुर्बीण वळवायची छोटी इंजिनं असतात, त्यांचे आकडे. ह्यांनी ते टाइप केलेत. नियम असा की एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टाइप केलेल्यावर लाल खूण करायची. मी वाचलं. बावीस पानं, एकदाही अडखळले नाही. शेवटच्या पानावर एका आकड्याआधी आडवी रेघ होती, ती वाचली नाही. घरखर्चाच्या वहीत तूट असली की त्रिकोण काढतात. रेघ म्हणजे काही नाही. वीस वर्षं वही लिहितेय, एवढं कळतं. हे म्हणाले, हिरायामापेक्षा तू बरी. नुसती मॅट्रिक असून.

१७ फेब्रुवारी
दुर्बीण सुखरूप वर गेली. मिझोगुचीबाई म्हणाल्या, चला, आता तुमचे यजमान घरी जेवतील, चेहरा तरी आठवतोय का? मी हसले. निम्मं यश माझं धरायला हरकत नाही. मनातल्या मनात.

२६ मार्च
दुर्बिणीशी संपर्क तुटला. टीव्हीवर म्हणाले, स्वतःभोवती गरगर फिरायला लागली आणि तिचे तुकडे झाले. तारा एकही पाहिला नव्हता. हे दोन दिवस घरी नाहीत. उद्या देवळात शंभर फेऱ्या. देवाच्या मनात आलं तर तुकडेही जुळतात.

२७ मार्च
एकसष्ट झाल्या. गुडघा. बाकीच्या मनात घातल्या.

२ एप्रिल
हे आले. मी समोर बसून सगळं कबूल केलं: चहा चौदा कप झाला, दोष माझा आहे. ह्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, त्या रविवारी शेवटच्या पानावर आकड्याआधी काही होतं का? म्हटलं, रेघ होती, पण रेघ म्हणजे काही नाही. ह्यांनी मुगाच्या भाताची वाटी खाली ठेवली. म्हणाले, ती उणेची होती. टाइप करताना माझ्याकडून सुटली. इंजिनाने दुर्बिणीला थांबवायचं होतं, त्याने आणखी फिरवलं. मी म्हटलं, मग छापणाऱ्याने नीट त्रिकोण काढायला नको?
भात तसाच राहिला.

२४ मे
चौकशीचा अहवाल पेपरात आला. 'तक्ता एकाच कर्मचाऱ्याने टाइप करून स्वतःच तपासला. दुसऱ्या कोणी वाचून पडताळला नाही.' ह्यांची बदली जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. मिझोगुचीबाई फाटकातूनच वळल्या.
हे धडधडीत खोटं आहे. एकट्याने केलं म्हणून ह्यांच्या नावाला बट्टा. समितीला पत्र लिहिलं: मी स्वतः वाचलं, बावीसच्या बावीस पानं, स्पष्ट आवाजात. उद्या टपालात टाकणार.

२५ मे
पत्र ह्यांना दाखवलं. ह्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, कागद ऑफिसातून घरी आणले हे कळलं, तर आहे ती नोकरीही जाईल. मी म्हटलं, पण मी होते ना तिथे. वाचलं ना मी.
हे म्हणाले, नाही. तू नव्हतीस.
मग कामाला गेले. जाताना दार हळू लावलं.